टेलला जमीन आहे, पाणी वापर संस्थेचा संचालक होऊ का?

चारीचं शेपूट

मंडळी, सल्ला हवा आहे आणि जरा घाईत हवा आहे.

गोदावरी खोऱ्यात, नाशिक-नगरच्या शिवेवर आमची सव्वातीन एकर जमीन आहे. गावाचं आणि धरणाचं नाव मुद्दाम टाळतोय, इथे गावातलेही वाचत असतील. मी पुण्यात नोकरीला, शेती बाबा बघतात, वय ७१. जमीन चारीच्या (कालव्याच्या फाट्याच्या) अगदी शेवटच्या आउटलेटवर, म्हणजे टेलला. आमच्यापुढे फक्त ओढा.

गेल्या रब्बीत कागदावर तीन आवर्तनं (कालव्याला पाणी सोडायच्या पाळ्या) झाली. आमच्या रानात पाणी आलं एकदाच, तेही रात्री अडीचला. बाबा बॅटरी घेऊन दारं धरायला गेले. चार वाफे भिजले, पाचव्यात पाणी शिरेपर्यंत चारी आटली. सकाळी कळलं, वर कोणीतरी मधल्या गेटात पोती टाकली होती.

चारीवर शेतकऱ्यांची पाणी वापर संस्था आहे. म्हणजे बोर्ड आहे. ऑफिसची एक खोली आहे, तिच्यात सध्या कोणाचा तरी कांदा पडलाय. गेल्या कित्येक वर्षांत सभा झाल्याचं बाबांना आठवत नाही. आता ती संस्था 'जिवंत' करायची ठरतेय. परवा दोघे घरी येऊन गेले. म्हणाले, संचालक मंडळात टेलचा माणूस लागतोच, तुमच्या पोराचं नाव द्या, शिकलेला आहे. बाबा म्हणतात, "नको त्या भानगडीत पडू, थकबाकी आपल्या गळ्यात येईल." आई म्हणते, "पड, निदान महिन्याला गावाकडं येशील तरी."

कायदा चाळला. वाचताना सगळं छान वाटतं, रानात मात्र थेंब येत नाही. कोणाला खरा अनुभव आहे का? सही करू की नको?

निवृत्त पाटकरी

भाऊ, मी कालवा निरीक्षक म्हणून ३१ वर्षं काढली. शेतकऱ्याच्या लेखी आम्ही सगळेच पाटकरी, म्हणून इथेही तेच नाव घेतलंय. तुमच्या प्रश्नाचं उत्तर देतो, पण आधी एक कबुली देतो, म्हणजे उत्तराची किंमत कळेल.

प्रत्येक चारीच्या तोंडाशी पाणी मोजायचा एक बांधीव घसा असतो, त्याला आम्ही फ्ल्यूम म्हणतो. बाजूला मोजपट्टी. रोज सकाळ-संध्याकाळ पट्टीवरचा आकडा वहीत उतरवायचा असा नियम. माझ्याकडे नोकरीच्या शेवटच्या काळात तीन माणसांचं काम होतं. भरती बंद, वरचे दोघे निवृत्त झाले, त्यांच्या जागा तशाच रिकाम्या. कालव्याच्या कडेनं मोटारसायकलवर एक फेरी मारायची तरी अर्धा दिवस जायचा. मग काय करायचो? आवर्तन संपलं की घरी जेवणाच्या ताटाशेजारी वही उघडायची आणि चौदा दिवसांचे आकडे एका बैठकीत भरायचे. आज पंचवीस, उद्या चोवीस, परवा पुन्हा पंचवीस. सगळे पंचवीस लिहिले तर साहेबाला संशय येतो, म्हणून मध्येच तेवीस. माझी बायको म्हणायची, "तुमचं पाणी भातावरच्या वरणासारखं, हाताला येईल तेवढं."

आता त्या पंचविसाचा हिशेब बघा. फ्ल्यूममधनं जाणारं पाणी उंचीच्या सरळ प्रमाणात वाढत नाही, उंचीच्या दीड घातानं वाढतं. पट्टीवर खरं पाणी २० सेंटिमीटर असेल आणि वहीत २५ लिहिलं, तर फरक पाव भागाचा वाटतो. प्रत्यक्षात वहीतलं पाणी खऱ्यापेक्षा ४० टक्के जास्त होतं. हे ४० टक्के पाणी कधी चारीत आलंच नाही, पण ते संस्थेच्या नावावर पडलं आणि त्याची पाणीपट्टीही संस्थेच्या डोक्यावर बसली. तुमच्या वडिलांना ज्या थकबाकीचं भय आहे, तिच्यात अशा आकड्यांचाही वाटा असू शकतो. तुमच्या संस्थेत तसंच झालं असं म्हणत नाही, माझ्या वहीत काय व्हायचं तेवढं सांगतोय.

२००५ चा कायदा, 'महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन', हा मी बारकाईनं वाचलेला कायदा आहे, कारण गावोगाव तो समजावून सांगायची ड्युटी माझ्याकडे होती. त्याचा गाभा साधा आहे. पूर्वी आम्ही एकेका शेतकऱ्याकडून नमुना ७ वर अर्ज घ्यायचो, पीक बघून, एकर बघून पाणीपट्टी लावायचो. ऊस असेल तर जास्त, गहू असेल तर कमी. त्यात कोणाचा ऊस पंचनाम्यात गहू होतो आणि कोणाचा गहू ऊस होतो, ते गावाला माहीत असायचं. नव्या कायद्यानं सरकारनं म्हटलं, आम्ही चारीच्या तोंडाशी मोजून पाणी देऊ, घनमीटरनं पैसे घेऊ, आत कोणी कोणतं पीक घ्यायचं आणि कोणाला कधी पाणी द्यायचं ते तुमचं तुम्ही बघा. संचालक मंडळात हेड (चारीच्या तोंडाकडचे), मध्य आणि टेल यांना सारख्या जागा, त्यात बायकांनाही जागा. अध्यक्षपद आळीपाळीनं फिरतं. तुमच्याकडे माणसं आली ती याच कलमामुळं. टेलचा माणूस मिळाला नाही तर मंडळ पुरं होत नाही. एवढ्यापुरती का होईना, आज तुमची गरज त्यांना आहे. सहीआधी वापरून घ्या.

काय मागायचं? संयुक्त पाहणी. कायद्यातच आहे. खात्याची माणसं आणि संस्थेची माणसं यांनी चारी तोंडापासून शेवटपर्यंत पायी चालायची, कुठं भराव खचलाय, कुठं गेट नाही, कुठं अस्तर फुटलंय ते लिहायचं आणि दुरुस्ती करून मगच चारी संस्थेच्या ताब्यात द्यायची. असंख्य ठिकाणी ही पाहणी ऑफिसच्या टेबलावर झाली. चहा झाला, सह्या झाल्या आणि फुटकी चारी शेतकऱ्याच्या गळ्यात आली. तुमच्या संस्थेचा करारनामा आणि त्या पाहणीचा कागद मागा. सापडला नाही तर नव्यानं पाहणी करा म्हणावं. सापडला आणि त्याच्यावर 'फ्ल्यूम सुस्थितीत' असं लिहिलेलं असलं, तर जाऊन फ्ल्यूम बघून या.

आता तुम्ही घनमीटर-बिनमीटर ऐकून घाबरू नका. घरच्या घरी होतो हा हिशेब. एक क्यूसेक (सेकंदाला एक घनफूट) पाणी रात्रंदिवस चाललं की ८६,४०० घनफूट, म्हणजे जवळजवळ दोन एकरांवर एक फूट पाणी. तुमची चारी तीन क्यूसेकची धरू. चौदा दिवस चालली तर ३६ लाख २८ हजार घनफूट, सुमारे १ लाख ३ हजार घनमीटर. गव्हाला एका पाळीला तीन इंच धरलं तर एक थेंब वाया न जाता ३३३ एकर भिजेल. फुटक्या चारीत ४० टक्के तरी जिरतं, म्हणजे राहिलं २०० एकर. आता चारीखाली किती एकर आहे ते सातबाऱ्यावरनं काढा. चारशे असेल आणि हेडच्या ऐंशी एकरांत ऊस असेल, तर पोती कोणी टाकली हा प्रश्न गौण आहे. पोती पडणारच होती.

हेडवाल्यांना शिव्या देऊ नका, हेही सांगतो. त्यांनी विहिरी पाडल्या, कर्ज काढलं, ऊस लावला, कारखान्याची तोड धरली. उसाला आवर्तनामागून आवर्तन लागतं. कालव्यावर डोंगळे (चोरून पाणी ओढायचे पाइप) टाकणारा प्रत्येक माणूस गुंड नसतो. मी रात्री डोंगळे तोडलेत आणि सकाळी त्याच माणसाच्या ओट्यावर चहा प्यायलोय. (एकदा दगडही खाल्लाय, तो किस्सा पुन्हा कधी.)

सही करा. पण फ्ल्यूम आणि वही आधी, सही नंतर.

द्राक्षवेल

पाटकरी काका, जेवणाच्या ताटाची गोष्ट वाचून हसू आलं आणि रागही आला. इतकी वर्षं आमच्याकडे तेच चाललं असणार.

मी ओझरजवळची, म्हणजे माहेर तिथलं. चारीचं शेपूट, तुम्ही वाघाडला एकदा जाऊन या. दिंडोरी तालुक्यात कोळवण नदीवर धरण आहे. ओझर त्याच्या कालव्याच्या टेलला, तुमच्यासारखंच. १९९०-९१ च्या सुमारास तिथे टेलच्याच तीन संस्था आधी उभ्या राहिल्या: महात्मा फुले, जय योगेश्वर आणि बाणगंगा. समाज परिवर्तन केंद्राचे बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी शेतकऱ्यांना घरोघर जाऊन तयार केलं. तेव्हा २००५ चा कायदा कुठे होता? सहकार कायद्याखाली नोंदणी करून काम सुरू केलं. पुढे हळूहळू वरचे लोकही आले आणि चोवीस संस्थांनी मिळून सगळा प्रकल्पच शेतकऱ्यांनी चालवायला घेतला.

माझे वडील जे सांगायचे ते असं: त्यांनी पाणी नुसतं वाटून घेतलं नाही, साठवलं. ओढ्या-नाल्यांवर छोटे बंधारे घातले, आवर्तन आलं की ते भरून घ्यायचे, खालच्या विहिरी फुगायच्या. द्राक्षाला पाणी हवं तेव्हाच हवं असतं, आवर्तनाच्या तारखेशी त्याला देणंघेणं नाही. कालव्याचं पाणी विहिरीत गेलं आणि मग ठिबकनं बागेत आलं. विहीरवाले "आमचं पाणी आमच्या जमिनीतलं" म्हणू शकत होते, पण त्यांनीही मान्य केलं की हे पाणी कालव्याचंच झिरपून आलेलं आहे.

माझं सासर दुसऱ्या धरणाखाली. तिथे माझ्या जाऊबाई संस्थेच्या संचालिका होत्या. सभेचं रजिस्टर घरी यायचं, त्या भाकरी थापता थापता हात पुसून सही करायच्या. एकदा मी विचारलं, कशावर सही केलीत? म्हणाल्या, "पाण्याचं काहीतरी आहे." त्या अडाणी नव्हत्या हो, एम.ए. आहेत. सभा कुठे आणि कधी, हेच कोणी त्यांना सांगत नव्हतं. म्हणून तुम्हाला एकच विनंती. टेलच्या बाईच्या जागेवर तुमच्या आईंचं नाव द्या. तुम्ही महिन्यातून एकदा येणार, त्या रोज तिथे आहेत.

पांझराकाठ

आमच्याकडे या सगळ्याचं उत्तर तीनचारशे वर्षांपूर्वी काढलेलं होतं, असं ऐकत मोठा झालो. फड पद्धत. साक्री आणि धुळे तालुक्यांत पांझरेवर, नाशिककडे मोसम-गिरणेवर. नदीत दगडी बंधारा, त्यातून पाट आणि पाटाखालचं थळ (भिजणारं शिवार) तीन-चार फडांत वाटलेलं. एका फडात सगळ्यांचं एकच पीक. यंदा ऊस या फडात, तर पुढच्या खेपेला त्या फडात. शक्यतो प्रत्येकाची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात, त्यामुळे पाणी कमी पडलं तर एक फड पडीक ठेवायचा आणि तोटा सगळ्यांनी वाटून घ्यायचा. पाटकरी, जागल्या, हवालदार गावानेच नेमलेले, त्यांना धान्य. कोणी दारं आपल्या हातानं उघडायची नाहीत, मालकानेसुद्धा नाही.

आजोबांच्या तोंडून हे ऐकताना रामराज्य वाटायचं. पण त्या थळात ज्यांची जमीनच नव्हती त्यांना कोण विचारत होतं, हेही मला नंतर सुचलं. आता वर धरणं झाली, विहिरी झाल्या, बरेचसे फड मोडले.

नाथसागर

चर्चा छान चाललीय, पण एक माणूस दिसत नाही यात. तो म्हणजे मी. पैठणच्या खाली, जायकवाडीच्या डाव्या कालव्याखाली माझी शेती. धागाकर्ते, तुम्ही तुमच्या चारीचे टेल. तुमचं सगळं खोरं मात्र आमचं हेड आहे.

तुमच्या हेडवाल्यानं पोती टाकली तर तुमचे चारच वाफे भिजले. वरच्या धरणांनी दारं लावली तर आमचे तालुकेच्या तालुके कोरडे. ७६ टीएमसीहून (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) जास्त उपयुक्त साठ्याचं धरण, किती वर्षं पुरं भरत नाही! आणि पाणी सोडा म्हटलं की नाशिक-नगरचे सर्वपक्षीय रस्त्यावर. २००५ च्याच जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्यात कलम १२(६)(क) आहे, तुटीच्या वर्षी खोऱ्यातल्या धरणांनी तूट सारखी सोसायची. मेंढेगिरी समितीनं २०१३ ला गणित मांडून दिलं: १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर वरून सोडा. प्राधिकरणानं २०१४ ला आदेश काढला, २०१६ ला उच्च न्यायालयानंही समन्यायी वाटप उचलून धरलं. तरी २०२३ ला ८.६ टीएमसी सोडायचा आदेश निघाल्यावर महिना आंदोलनांत गेला. सोडल्यावरही नदीकाठची वीज बंद करावी लागते, बंधाऱ्यांच्या फळ्या काढाव्या लागतात, नाहीतर मोटारी वाटेतच पाणी ओढतात. आम्हाला राहिलेलं मिळतं.

तुमच्या टेलला न्याय हवा, मग आमच्या टेलला का नको?

चारीचं शेपूट

नाथसागर, तुमचा मुद्दा मला लागला. खोटं सांगत नाही, २०२३ ला मीही आमच्या तालुक्याच्या बाजूनं व्हॉट्सॲपवर बरंच काही फॉरवर्ड केलं होतं.

काका, दोन प्रश्न. एक: संस्थेच्या वाट्याचं पाणी ठरवतं कोण? आमच्याकडे सगळे म्हणतात, पालकमंत्र्यांच्या बैठकीत ठरतं. मग संस्था कशाला? दोन: कोट्यापेक्षा कमी पाणी आलं तर दाद मागायची कुठे?

निवृत्त पाटकरी

नाथसागर, तुमच्यापुढं मान खाली घालतो. नोकरी मी नाशिककडे केली, पण माझी बहीण गेवराईला दिलेली. भाऊबिजेला गेलो की दाजी दारातच विचारायचे, "आलात का आमचं पाणी अडवून?" चारीला जो नियम तोच नदीला, यात मला शंका नाही. ज्याचं वजन असतं तो तोंडाशी बसतो, चारी असो की खोरं.

आता शेपूटराव, तुमचे प्रश्न. पंधरा ऑक्टोबरला धरणात किती साठा आहे ते बघून खातं सिंचनाचा कार्यक्रम बनवतं. पिण्याचं आरक्षण आधी वेगळं काढतात, बाष्पीभवन वजा करतात, कारखानदारी आणि शहरांचं ठरलेलं असतं, उरलेलं शेतीला. मग कालवा सल्लागार समितीची बैठक. तुम्ही म्हणता ती हीच. माझ्या डोळ्यांसमोर या बैठकीत दोनाची तीन आवर्तनं झालीत. कोणीतरी आमदार उठून म्हणतो, "साहेब, उन्हाळी पाळी द्या, लोक मारतील." टाळ्या पडतात, इतिवृत्तात तीन लिहिलं जातं. धरणात पाणी मात्र दोनाचंच. तिसरं आवर्तन होतं, पण प्रत्येक आवर्तनाचे दिवस कमी होतात. दिवस कमी झाले की पहिला तुटतो तो टेल. तुमच्या बाबांचा पाचवा वाफा त्या टाळ्यांतच वाळला असं समजा.

कायद्याप्रमाणं संस्थेचा हक्काचा कोटा करारात घनमीटरमध्ये लिहिलेला असतो आणि साठा कमी असेल तर त्या प्रमाणात तो कमी होतो. सगळ्यांचा सारखा कमी. समिती सल्ला देणारी आहे, तिच्या नावातच सल्ला आहे. शेतीचं पाणी शहराला किंवा कारखान्याला वळवायचं हा निर्णय मात्र २०११ ला कायदा बदलून प्राधिकरणाकडून काढला आणि मंत्रिमंडळाच्या हातात दिला. प्राधिकरण नेमलं २००५ ला, सहा वर्षांत त्याच्या हातातली मोठी चावी परत घेतली. मी त्यावर काय बोलू, पेन्शन खातो.

दाद मागायला कायद्यानं विवाद निवारण अधिकारी ठेवलेत, त्यांच्यावर प्राधिकरण आहे. पण तिथं गेलात की पहिला प्रश्न येणार, "कमी मिळालं हे कशावरून?" तुम्ही म्हणणार, आमचे वाफे कोरडे राहिले. ते वही उघडणार. वहीत पंचवीस, चोवीस, पंचवीस. संपलं. म्हणून सांगतो, संस्थेची स्वतःची वेगळी वही ठेवा. सकाळी सात आणि संध्याकाळी पाचला गेज (मोजपट्टी) वाचा, खात्याच्या माणसाची त्याच वहीत सही घ्या. तो नाही आला तर 'गैरहजर' लिहा आणि मोबाइलवर पट्टीचा फोटो काढा, फोटोवर तारीख-वेळ येते ती. आमच्या वेळी ही सोय असती तर माझी सगळी नोकरी गेली असती.

फडाबद्दल एक सांगतो, पांझराकाठ. तिथं बंधारा डोळ्यांसमोर असतो. नदीला पाणी आलं-गेलं ते सगळं गाव बघतं. आमच्या कालव्यात धरण साठ किलोमीटर लांब, किती सोडलं ते वायरलेसवरनं कळायचं. न दिसणाऱ्या पाण्याचं वाटप गावानं कसं करावं? आणि तुमची ती बिनजमिनवाल्याची शंका अगदी बरोबर. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात नायगावला पाणी पंचायत उभी केली, तेव्हा पाण्याचा वाटा जमिनीवर न देता माणशी दिला. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, घराला जास्तीत जास्त अडीच एकर, भूमिहीनालाही वाटा आणि उसाला बंदी. २००५ चा कायदा तिथवर गेला नाही. त्यात जमीन नाही त्याला सभासदत्व नाही. पाणी पंचायतीला उपसा योजनेवर जमलं ते सरकारी कालव्यावर का जमवलं नाही, हे मी आमच्या एका अधीक्षक अभियंत्यांना विचारलं होतं. ते म्हणाले, "पाटील, तुम्ही पट्टी वसूल करा."

चारीचं शेपूट

शनिवारी गावी जाऊन आलो. आईला घेऊन फ्ल्यूम शोधायला गेलो. बाबा आले नाहीत, पण निघताना म्हणाले, "मारुतीच्या पाराच्या मागं बघा, बाभळीखाली."

होता तिथंच. घशात हातभर गाळ, पुढच्या चारीत कमरेएवढं गवत. एका बाजूची भिंत वरून तुटलेली, त्यावर कोणीतरी धुणं धुवायला सपाट दगड बसवलाय. मोजपट्टीच्या जागी फक्त दोन खिळे. पट्टी कधी गेली ते कोणालाच माहीत नाही, पण संस्थेच्या जुन्या रजिस्टरमध्ये (कांद्याखाली सापडलं, खरंच) गेल्या पाच वर्षांच्या गेजच्या नोंदी आहेत. सेंटिमीटरमध्ये. काका, तुमचेच आकडे वाटतात: पंचवीस, चोवीस, पंचवीस, तेवीस.

आईचं नाव दिलंय. तिनं अट घातली की आधी संयुक्त पाहणी, मग मंडळ. ते दोघे जरा गप्प झाले, मग म्हणाले, बघू. हेडचे एक आजोबा, ज्यांच्या शेजारी पोती पडली होती, ते स्वतःहून म्हणाले, "पट्टी लावा पोरा, मलाबी बघायचंय मी किती घेतो ते." हे खरं होतं की टोमणा, अजून कळलं नाही.

पुढचं आवर्तन वीस दिवसांवर आहे. तोवर निदान आमची पट्टी आम्ही बसवावी म्हणतो. हार्डवेअरच्या दुकानातली स्टीलची पट्टी चालेल का? मधे घशाच्या तळाला एक उंचवटा आहे, वीतभर. शून्य चारीच्या तळाला धरायचं ना?

निवृत्त पाटकरी

नाही नाही नाही. इथंच सगळे चुकतात.

तो उंचवटा म्हणजे फ्ल्यूमचा उंबरठा. शून्य त्या उंबरठ्याच्या माथ्याला येतं, चारीच्या तळाला नाही. तळाला धरलंत तर चारी बंद असताना साचलेलं पाणीही पट्टीवर वीतभर दिसेल आणि वाहतं नसलेल्या पाण्याचे पैसे भराल. पट्टी घशात लावू नका, घशाच्या अलीकडे जिथं पाणी शांत असतं तिथं भिंतीला लावा, ते दोन खिळे बहुतेक तिथंच असतील. उंबरठ्याच्या माथ्यापासून पट्टीपर्यंत पातळी आणायला पारदर्शक नळी घ्या, गवंडी वापरतात ती, दोन्ही टोकांना पाणी सारखं दिसलं की खूण करा. स्टीलची पट्टी चालेल, पण सेंटिमीटरची घ्या, इंचाची नको, नाहीतर वहीशी वाद सुरू होईल.

त्याआधी पुढचं गवत काढा. पुढं पाणी तुंबलं की ते मागं फुगतं, पट्टी जास्त दाखवते आणि पाणी मात्र कमी जात असतं. गवत काढायला त्या आजोबांना बोलवा. टोमणा असला तरी येतील.

घशाची रुंदी मोजून इथं टाका, आतल्या बाजूनं, सगळ्यात अरुंद जागी. पट्टीवर किती सेंटिमीटरला किती क्यूसेक, तो तक्ता मी बनवून देतो. माझ्याकडचा जुना आहे, पण पाण्याचं गणित काही बदललेलं नाही.